हिरवी पट्टी

पट्टी हलत होती.
स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी, वर-खाली, वर-खाली,
म्हणजे आवाज होता.
खोलीत मात्र नुसता पंखा
आणि लांबून रेल्वे फाटकाची घंटा.

उद्या सकाळी सातला खानापुरातनं रिक्षा सुटणार,
टपावर कर्णा बांधून, नंदगड, हलशी, बिडी.
पेन ड्राइव्ह माझ्याकडनं न्यायचा.
नंदगडात डोळ्यांची मोफत तपासणी, चष्मे निम्म्या दरात,
आधी मराठीत, मग कन्नडमध्ये,
दोन्ही माझ्याच गळ्यातनं.
बावीस वर्षं हाच धंदा:
सर्कस, काजूची रोपं, हरवलेली म्हैस, थकलेली घरपट्टी.
तालुक्याला माझा आवाज ठाऊक, चेहरा नाही.
आणि आज माझाच आवाज मला ऐकू येईना.

स्पीकरचा लाल दिवा लागलेला.
बॅटरी तोंडात धरून टेबलाखाली शिरलो.
जळमट, मुलीची हरवलेली पिन, एक रुपया.
तीन भोकं: हिरवं, गुलाबी, निळं.
हिरव्यात हिरवी घातली, सदऱ्याच्या टोकानं पुसून.
काही नाही.

मडिवाळला फोन लावला, बेळगावात, शहापूरला.
"बंद करून चालू केलासा काय?"
केलं की.
"म्यूट?"
नाही हो.
"ड्रायव्हर काढून परत घाला."
घातला. दहा मिनिटं गेली त्यात.
"पिवळा त्रिकोण दिसालाय काय कुठं?"
कुठंच नाही.
"मग सगळं बरोबर हाय म्हणतंय की ते!"

हेच तर.
असं बरोबर मी खूप खिडक्यांवर ऐकलंय:
अर्ज मिळाला, नोंद झाली, पुढं पाठवला.
पुढं म्हणजे कुठं,
ते खिडकी सांगत नाही.

फोनमध्ये मागून त्याची बायको, "ऊटक्क बर्री",
"बंदे, बंदे," म्हणाला तो, आणि गेला नाही.
"अण्णा, कालपरवा काही नवीन जोडलासा काय?"
मॉनिटर. भाच्यानं आणला, रविवारी.
एचडीएमआयची जाड वायर, तीही त्यानंच लावली.
"त्या मॉनिटरला स्पीकर हाय काय?"
बैल घेताना बघावा तसा
चहूबाजूंनी हात फिरवून बघितला.
नाही. तोंडच नाही कुठं.
"मग आवाज तिकडं चाललाय बघा, सगळा."

म्हणजे रविवारपासून
मी त्या काळ्या सपाट पाटीत ओरडत होतो,
आणि ती पाटी, अगदी सभ्यपणे,
दोन्ही भाषा घेत होती
आणि हिरवी पट्टी हलवत होती.

यादीत दोन नावं होती.
दुसऱ्यावर खूण केली.

रात्रीचे सव्वाअकरा.
शोधता शोधता जिथं दिसेल तिथं मी शंभर करून ठेवलेलं.
डोळ्यांची! मोफत! तपासणी!
फडताळातल्या बशा वाजल्या, गल्लीतली कुत्री उठली,
माउस सापडेपर्यंत मराठी संपून
उचित कण्णिन तपासणे सुरू झालं.
समोरच्या घरात दिवा लागला.
"ह्या वक्ताला कोण डोळे बघालाय रे?"
तुळसाक्का. खिडकीत.
चुकलं म्हणालो, कॉम्प्युटर बिघडलावता.

ती आत गेली नाही.
गजाला धरून उभी राहिली थोडा वेळ,
मग हळू आवाजात:
"कुठं म्हणालास ते? नंदगडात?
डावा धूसर झालाय, दिवाळीपासनं.
कुणाला बोलले नाही."

साडेसहालाच पायरीवर बसलेली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड.
रिक्षात पुढं बसून गेली, कर्ण्याच्या बरोबर खाली,
वरून माझा आवाज
साऱ्या तालुक्याला बोलवत,
आणि ती
कानांवर पदर दाबून.